सोळा पट्ट्यांचं कुलूप

वडपे, सोमवार, १२ जानेवारी २०२६

चि. मृणाली हिस मामाचे आशीर्वाद.

फोन न करता ईमेलवर पत्र लिहितोय. फोनवर तू "हो मामा, बघते मामा" म्हणतेस आणि मग कोण काय बोललं याचा पुरावा उरत नाही. उत्तरही असंच दे. तारीख घालून, मुद्देसूद. मला ते अर्ध्या ओळीचे मेसेज आणि पिवळी तोंडं पाठवू नकोस.

प्रकरण असं. हितेशशेठने डिसेंबरात आपल्या गोदामासाठी एका परदेशी औषध कंपनीचं काम घेतलं. इंजेक्शनं, लसी, सगळं थंड खोलीतलं. चांगलंच झालं. पण त्या कंपनीने एकशे अठरा प्रश्नांची एक्सेल फाईल पाठवली आणि त्यातला एकोणिसावा प्रश्न माझ्या बोकांडी बसलाय. ज्या सर्व्हरवर त्यांच्या मालाची नोंद होईल, त्याने माहिती गुप्त ठेवायची फक्त तीच गणितं वापरायची, जी अमेरिकी मानकानुसार तपासून शिक्का मारलेली आहेत. बिनशिक्क्याचं काही समोर आलं, की सर्व्हरने स्वतःहून नकार द्यायचा. ते याला कडक मोड म्हणतात. मी म्हणतो सोवळं. शनिवारी मी सर्व्हरला सोवळं नेसवलं, तेव्हापासून तो कुणाला शिवून घेत नाही. चालूच होत नाही. पहिल्याच पायरीला सांगतो, किल्ल्यांची फाईल अमान्य. अगं, त्याच फाईलवर तो चौदा वर्षं चाललाय!

ठाण्याहून मिहिर नावाचा तपासनीस सोमवारी सोळा मार्चला येणार. तोवर नाही जमलं तर शेठ म्हणतात, "केसरीदादा, मनाला लावून घेऊ नका, ठाण्याच्या कंपनीचं तयार सॉफ्टवेअर घेऊ." म्हणजे २०१२ साली मी ओळ न् ओळ हाताने लिहिलेला प्रोग्राम कचऱ्यात आणि मी स्कॅनरच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावायला. मी लूमवर जॉबर होतो, म्हणजे यंत्रमाग दुरुस्त करणारा, मशीन उघडून मशीन शिकलो. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. प्रमाणपत्र नसलेला माणूस आजवर चालला. आता प्रमाणपत्र नसलेलं गणितही चालत नाही!

तू पुण्याच्या बँकेत हेच करतेस असं ताई सांगत असते. तेव्हा बघ. चूक कुठे ते नेमकं सांग, उपदेश नको.

तुझा मामा,
केसरीनाथ तरे


पुणे, १३ जानेवारी

प्रिय मामा,

तारीख घातली आहे, बघ.

१. किल्ल्यांची फाईल जुन्या प्रकारची आहे. तिचं स्वतःचं कुलूप ज्या गणितावर आहे तेच आता बाद झालंय. नव्या प्रकारात ती फाईल पुन्हा बनवावी लागेल. आज्ञा खाली देते आहे. नक्कल करून चिकटवू नकोस असं सांगणार होते, पण तू तसाही हातानेच टाईप करणार.

२. त्या फाईलचा पासवर्ड किमान चौदा अक्षरी लागेल. त्याहून कमी असेल तर सर्व्हर नकार देईल, आणि कारणही धड सांगणार नाही.

३. एक प्रश्न. गोदामातली माणसं तुझ्या प्रोग्राममध्ये लॉगिन करतात, त्यांचे पासवर्ड तू कुठल्या पद्धतीने साठवले आहेस? कडक मोडमध्ये बहुतेक जुने प्रोग्राम तिथेच अडकतात.

शिक्क्याबद्दल एवढंच, की तो माणसाला नसतो. चिडू नकोस.

मृणाली


वडपे, सोमवार, १९ जानेवारी

चि. मृणाली,

तुझ्या आज्ञेत तिसऱ्या ओळीत एक डॅश जास्त होता. तो काढल्यावर फाईल बनली. बँक तुला याच कामाचा पगार देते ना?

पासवर्ड माझा अकरा अक्षरी होता. कुठला ते सांगत नाही, पण देवीचा होता आणि तिने चौदा वर्षं सांभाळलं. आता तीन अक्षरं कमी पडली म्हणून देवीही अपात्र! असो. लांब केला.

आता पुढचं ऐक. सर्व्हर चालू होतो. पण चालू व्हायला किती वेळ घेतो? अकरा मिनिटं चाळीस सेकंद. पूर्वी लागायचे अडतीस सेकंद. मी घड्याळ लावून सात वेळा मोजलं. मधल्या वेळात तो काहीही करत नाही. प्रोसेसर रिकामा, डिस्क रिकामी, स्क्रीनवर एक अक्षर नाही. नुसता बसून राहतो, सासरी पहिल्यांदा आलेल्या जावयासारखा. आज सकाळी वीज गेली आणि आली, तर बारा मिनिटं सत्तर हमाल, चार ट्रक आणि हितेशशेठ माझ्या तोंडाकडे बघत उभे. एक ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, धक्का मारूं क्या?"

तुझा मामा,
केसरीनाथ


पुणे, २० जानेवारी

प्रिय मामा,

डॅशबद्दल माफी.

सर्व्हर रिकामा बसलेला नाही, वाट बघतोय. नवी किल्ली बनवायला त्याला कुणालाही अंदाज करता येणार नाहीत असे आकडे लागतात. ते तो मशीनच्या बारीकसारीक हालचालींतून वेचतो. कळ कधी दाबली, डिस्कवर काही कधी आलं, असल्या गोष्टी. साध्या मोडमध्ये तो थोडक्यात भागवतो. कडक मोडमध्ये पुरेसे मिळाल्याशिवाय हलत नाही. तुझा सर्व्हर म्हणजे मोठ्या मशीनच्या पोटातलं आभासी मशीन, तिथे हालचालच नाही. मोठ्या मशीनकडून असे आकडे पुरवायची सोय असते, ती बंद असणार. चालू कर. कशी ते खाली लिहिलंय. डॅश मोजलेत.

लॉगिनच्या पासवर्डचं तू सांगितलं नाहीस.

मृणाली


वडपे, मंगळवार, ३ फेब्रुवारी

चि. मृणाली,

एक्केचाळीस सेकंद. पूर्वीपेक्षा तीन जास्त, पण ते मी सोडून दिले. अंदाज न येणारी हालचाल एवढीच हवी होती, तर मला आधी विचारायचं होतंस. सर्व्हर उचलून वडपे नाक्यावर नेऊन ठेवला असता.

मध्ये पंधरा दिवस लिहिलं नाही, कारण माझा जीव घेतला या सोवळ्याने. सव्वीस स्कॅनरपैकी नऊ जुने. ते सर्व्हरशी जुन्या बोलीत बोलायला जातात, हा दार लावून घेतो. शेठना म्हटलं नऊ नवे घ्यावे लागतील. ते म्हणाले, "दादा, चालू स्कॅनर हायत ना? बीप करतान ना?" बीप करतात, शेठ. बीप केलं म्हणजे झालं का! शेवटी आणले. मग डेटाबेस रुसला. त्याच्याशी सर्व्हर ज्या पद्धतीने ओळख पटवायचा तीही बाद. ती बदलली, तर रिपोर्टचा छापखाना बंद. एक खिळा ठोकावा तर भिंतीतून तीन बाहेर येतात.

शुक्रवारी तो मिहिर प्राथमिक फेरीला येऊन गेला. वय अठ्ठावीस असेल. बूट पांढरे. गोदामात पांढरे बूट! मला विचारतो, "सर, तुमचं क्वालिफिकेशन?" मी म्हटलं, "समोर चालतंय ते." त्याने काहीतरी टाईप केलं. मी वाकून पाहिलं, त्याने लिहिलं होतं, 'लागू नाही'.

लॉगिनचे पासवर्ड व्यवस्थित आहेत. चौदा वर्षांत एकही चोरी नाही. त्या खोलीत तू डोकावू नकोस.

तुझा मामा,
केसरीनाथ


पुणे, ४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

आई काल फोनवर सांगत होती, गेल्या आठवड्यात पार्वतीमावशी सुट्टीवरून आल्या, त्यांना पासवर्ड आठवेना, आणि तू ऑफिसच्या खिडकीतून ओरडून सांगितलास. आईला त्याचं फार कौतुक. "माझ्या भावाला सगळ्या गोदामाचे तोंडपाठ."

मामा, तोंडपाठ नाहीत. तू बघून सांगतोस. म्हणजे ते परत वाचता येतील असे ठेवलेले आहेत. कुठल्याही शिक्क्याच्या पद्धतीत ते शक्य नाही. पासवर्ड आत गेला की मालकालाही परत दिसू नये, हाच तर त्यातला मुद्दा.

तिसऱ्यांदा विचारते. कुठली पद्धत आहे?

मृणाली


वडपे, सोमवार, ९ फेब्रुवारी

चि. मृणाली,

ठीक आहे. ऐक.

पद्धत माझी आहे. जगात दुसरीकडे कुठेही नाही.

तुझ्या आजोबांच्या शेडमध्ये कोपऱ्यातल्या दोन लूमना डॉबी होती, आठवते? तू लहान होतीस. डॉबी म्हणजे नक्षी विणायचं यंत्र. त्याला लाकडी पट्ट्यांची माळ. प्रत्येक पट्टीला भोकं, काही भोकांत खुंट्या ठोकलेल्या. जिथे खुंटी तिथले ताणे, म्हणजे उभे धागे, वर उचलले जातात, बाकीचे खाली राहतात. पट्टी पुढे सरकली की दुसरे ताणे वर. खुंट्या कुठे ठोकायच्या हे माहीत असेल त्यालाच नक्षी माहीत. आजोबांची एक नक्षी होती, सोळा पट्ट्यांची. अख्ख्या भिवंडीत ती काढणारे ते एकटे. व्यापारी विचारून थकले. आजोबांनी कागदावर कधी उतरवली नाही. मला मात्र उजव्या हाताला बसवून शिकवली.

२०१२ साली प्रोग्राम लिहिताना प्रश्न आला, पासवर्ड लपवायचे कसे. पुस्तकातली पद्धत कुणीही वाचेल. मी आजोबांच्या सोळा पट्ट्या घेतल्या. पहिल्या पट्टीवर जितक्या खुंट्या आणि जिथे, तेवढं पहिलं अक्षर सरकवायचं. दुसऱ्या पट्टीने दुसरं. सोळाव्यापर्यंत, मग माळ फिरून पुन्हा पहिली. उलटी फिरवली की अक्षर परत. चारशे सोळा ओळींचा कोड. रात्रपाळी करून नाही, रोज दुपारी डबा खाल्ल्यावर अर्धा तास, असा चार महिने.

यात चूक काय? शिक्का नाही हीच ना? आजोबांच्या नक्षीला तरी कुणाचा शिक्का होता? आणि माणसं पासवर्ड विसरतात, गं. पार्वतीबाई पन्नाशी उलटलेली बाई. "भाऊ, तुनाच ठावं हाय," म्हणत येते. मी सांगतो, ती कामाला लागते. तुमच्या पद्धतीत तिने काय करायचं? अमेरिकेला फोन?

चौदा वर्षांत कुणी फोडलेली नाही. त्या मिहिरला म्हणावं, फोडून दाखव.

केसरीनाथ


पुणे, १० फेब्रुवारी

प्रिय मामा,

हे पत्र तीन वेळा लिहून पुसलं.

तुझी पद्धत मी फोडली होती. मे २०१३ मध्ये. दहावीची सुट्टी होती, तू मला ऑफिसात दोन नंबरच्या मशीनवर नोंदी करायला बसवलं होतंस आणि माझं लॉगिन बनवून दिलं होतंस. तुझ्या निळ्या फाईलमध्ये यादी होती, डावीकडे नावं, उजवीकडे गुंतवलेले पासवर्ड. मी माझा पासवर्ड बदलला. नुसतं 'ए' हे अक्षर, बत्तीस वेळा. तू दुसऱ्या दिवशी नवी यादी छापलीस. माझ्या नावासमोर सोळा वेगवेगळी अक्षरं होती, आणि त्यानंतर तीच सोळा पुन्हा.

बस. ती सोळा अक्षरं म्हणजेच तुझ्या सोळा पट्ट्या. मग यादीतल्या कुणाचंही नाव घे, कागद-पेन्सिलीने दोन मिनिटांत पासवर्ड निघत होता.

नक्षी परत येते, मामा. कापडात ती परत यावीच लागते, नाहीतर ती नक्षीच नाही. कुलपात ती परत आली, की संपलं. आजोबांची नक्षी सुंदरच होती. तू ती चुकीच्या जागी लावलीस.

कुणी फोडली नाही असं तुला वाटलं, कारण फोडायला कुणी बसलंच नाही. शिक्का म्हणजे एवढंच, की हजारो हुशार माणसं वर्षानुवर्षं फोडायला बसली आणि हरली. तुझी पद्धत फोडायला पंधरा वर्षांची एक मुलगी बसली, आणि तिला एक दुपार लागली.

मी सांगायला हवं होतं. तू किती कौतुकाने त्या लाकडी पट्ट्या दाखवायचास. नाही सांगवलं.

मृणाली


वडपे, २५ फेब्रुवारी

कु. मृणाली यांस,

आपलं दि. १० चं पत्र मिळालं. मजकूर समजला.

सर्व्हर कडक मोडमध्ये चालू आहे. दि. १६ मार्चच्या तपासणीची व्यवस्था झालेली आहे. लॉगिनचा भाग वेगळा काढून दुसऱ्या मशीनवर ठेवला आहे, तो तपासणीच्या कक्षेत येत नाही. यापुढे आपणास तसदी देण्याचं कारण नाही.

ताईची तब्येत बरी आहे.

के. तरे


पुणे, गुरुवार, २६ फेब्रुवारी

मामा,

मला 'आपण' म्हणू नकोस. वाटेल ते बोल, पण 'आपण' नको.

म्हणजे दाखवायला एक सर्व्हर सोवळ्यात, आणि मागच्या दाराने लॉगिन जुन्याच कुलपातून. मिहिरला कदाचित दिसणारही नाही. पण तुला माहीत असेल. स्क्रू अर्धा फेरा सैल राहिला तर रात्री झोप न लागणारा माणूस तू.

एक गोष्ट त्या पत्रात लिहिली नव्हती. आता लिहिते.

मी नुसतं फोडून थांबले नव्हते. चालतं का ते बघायचं होतं. यादीत माझ्या वरच्या ओळीत पार्वतीमावशींचं नाव होतं. त्यांच्या नावाने मी आत शिरले. शाम्पूचे अठ्ठेचाळीस खोके सातव्या मांडणीवरून अकराव्या मांडणीवर गेले, अशी नोंद टाकली. लगेच उलटवणार होते. तेवढ्यात तू वडापाव घेऊन आलास आणि मी स्क्रीन बंद केली. घरी गेले आणि विसरले.

दुसऱ्या दिवशी ट्रक भरायला खोके सापडेनात. चार तास. तू पार्वतीमावशींना डॉकवर, ट्रक लागतात तिथे, सगळ्यांसमोर उभं केलंस. त्या म्हणत होत्या, "मी न्हाय केला." तू म्हणालास, "माझं मशीन खोटं बोलत नाही." त्या वर्षी त्या सुपरवायझर होणार होत्या. त्याऐवजी पॅकिंगवर गेल्या आणि आजही पॅकिंगवर आहेत.

मी खिडकीत उभी होते. ऐकत होते. आले नाही खाली.

म्हणून मी हे काम निवडलं असं म्हटलं तर छान वाटेल, पण खरं नाही. कॉलेजात जागा मिळाली म्हणून निवडलं. तरी प्रत्येक वेळी कुणी म्हणतं, "सिस्टिममध्ये त्याचंच नाव आहे," तेव्हा मला तो डॉक दिसतो.

उद्या त्या थंड खोलीतून लसींचा एक खोका उन्हात राहिला, तर कुणाच्या नावावर जाईल? ज्याचा पासवर्ड कुणालाही वाचता येतो, त्याच्या.

माझ्यावर राग ठेव. पण ते मागचं दार बंद कर.

मृणाली


वडपे, रविवार, ८ मार्च

मृणाली,

तुझं पत्र वाचलं तेव्हा मी पहिल्यांदा हेच म्हटलं, की पोरगी कांगावा करतेय. मी नोंदी फेकत नाही, तुला माहीत आहे. २०१३ च्या सगळ्या नोंदी दोन सीडींवर आहेत. सीडी वाचणारं मशीन शोधायलाच दोन दिवस गेले. शेवटी काल्हेरच्या एका फोटोवाल्याकडे मिळालं. त्याच्या दुकानात, लग्नाच्या अल्बमांमध्ये बसून मी ती नोंद काढली.

१८ मे २०१३, दुपारी एक वाजून बावन्न मिनिटं. पार्वती. सातवरून अकरा. अठ्ठेचाळीस खोके.

आणि शेवटच्या रकान्यात मशीनचा क्रमांक. दोन.

पार्वतीबाई डॉकवर असायची. तिचं मशीन पाच. ती आयुष्यात ऑफिसात येऊन बसलेली नाही. तो रकाना मी स्वतः प्रोग्राममध्ये टाकला होता, असलाच घोळ झाला तर कळावं म्हणून. त्या दिवशी डॉकवर ओरडायला जाण्याआधी मी नाव बघितलं, वेळ बघितली, आकडा बघितला. शेवटचा रकाना बघितला नाही.

मशीन खोटं बोललंच नव्हतं. मी अर्धंच ऐकलं.

तुझी चूक आहेच. पंधरा वर्षांच्या पोरीची जेवढी असायची तेवढी. माझं वय तेव्हा एकोणचाळीस होतं.

चारशे सोळा ओळी सोमवारी काढल्या. त्या जागी एकवीस ओळी आल्या, शिक्क्याच्या. दुसरं मशीन बंद केलं. जुने पासवर्ड सगळ्यांचे रद्द, त्र्याण्णव माणसांना रांगेत उभं करून नवे घ्यायला लावले. मी पाठ फिरवून उभा. काय शिव्या खाल्ल्या म्हणून सांगू! "दादा, चौदा अक्षरं? माझ्या गावाचं नाव चार अक्षरी हाय!" दुसऱ्या दिवशी सकाळी अकराजण विसरून आले. खिडकीखाली उभे राहून म्हणे, दादा सांगा. मी म्हटलं, मला माहीत नाही. त्यांना वाटलं मी रागावलोय. चौदा वर्षांत हे वाक्य मी त्या खिडकीतून बोललो नव्हतो. दुपारपर्यंत सवय झाली.

पार्वतीबाईकडे बुधवारी गेलो. जेवणाच्या सुट्टीत. छापील नोंद नेली होती, शेवटचा रकाना लाल पेनाने घेरून. सगळं सांगितलं, तुझं नाव घेऊनच. ते लपवून अर्धंच झालं असतं. ती जेवत होती. कागद घेतला नाही.

"म्हंजे मी न्हाय केला," ती म्हणाली.

"नाही."

"त्या येलेस पन मी तेच बोललेली."

"हो."

"मग तेरा वर्सांनी कागद कशाला आनलास? मना तर तवाच ठावं व्हता." डबा बंद करता करता म्हणाली, "हितं कानात काय सांगतंस, भाऊ? वरडला कंचे जाग्यावर व्हतास?"

काल शिफ्ट बदलताना, दोन्ही पाळ्यांची माणसं असताना, मी त्याच जागेवर, त्याच खांबाशी उभा राहिलो आणि सांगितलं. शेठही होते. फार लांबवलं नाही. एकजण मागून म्हणाला, "भाई, ये शाम्पू कौन सा था?" सगळे हसले. बरं झालं हसले. पार्वतीबाई हसली नाही, पण गेलीही नाही. सुपरवायझरच्या जागेचं शेठशी बोललोय. हो म्हणालेत, कागद हातात येईपर्यंत मी मागे लागणार.

एक शंका विचारतो, खरंच माहीत नाही म्हणून. पासवर्ड विसरलेल्याला नवा द्यायचा, तर तो माणूस तोच आहे हे ठरवायचं कुणी? मी एकट्याने ठरवलं, तर पुन्हा सगळं माझ्याच खिशात.

मामा


पुणे, ८ मार्च, रात्री

मामा,

दुसरी व्यक्ती ठेव. तू मागणी करायची, तिने त्या माणसाला डोळ्यांनी बघून मंजुरी द्यायची. दोघांशिवाय दार उघडत नाही. आणि हे तुझ्या स्वतःच्या खात्यालाही लागू कर, नाहीतर अर्थ नाही.

पार्वतीमावशींना फोन केला होता आत्ता. मी माफी मागितली. त्यांनी विचारलं, लग्न कधी करतेस. बराच वेळ तेच बोलत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ये सुट्टीत. तुना बघून घेते." यातलं काय समजायचं, कळलं नाही.

मृणाली


वडपे, मंगळवार, १७ मार्च

चि. मृणाली हिस आशीर्वाद.

तपासणी झाली. क्रमाने सांगतो.

मिहिर साडेदहाला आला. बूट या खेपेला काळे. एकोणिसाव्या प्रश्नावर सव्वा तास. जुन्या बोलीत बोलून बघितलं, सर्व्हरने दार उघडलं नाही. बिनशिक्क्याचं गणित पुढे केलं, नकार. सर्व्हर बंद करून चालू करायला लावला. चाळीस सेकंद. एक कमी झालाय, कारण मी शोधतोय.

मग म्हणाला, "सर, आता तुमच्या खात्याने आत जा." माझा नवा पासवर्ड बावीस अक्षरी. चौदा सांगितले म्हणून मी चौदावर थांबणार का? मागे शेठ, बाजूला मिहिर, आणि माझी बोटं! पहिल्यांदा चुकलो. दुसऱ्यांदा चुकलो. पाचव्यांदा चुकलो आणि स्क्रीनवर माझ्याच हाताने लिहिलेलं वाक्य आलं, 'खातं बंद. दुसऱ्या व्यक्तीची मंजुरी आवश्यक.'

शेठ कपाळाला हात लावून खुर्चीत बसले. मिहिर म्हणाला, "अ‍ॅडमिनला वगळायची सोय असेल ना?"

म्हटलं, "नाही."

"मग दुसरी व्यक्ती कोण?"

पॅकिंगवरून पार्वतीबाईला बोलावलं. ती हातमोजे काढत आली. ऑफिसात ती पहिल्यांदाच येत होती. दोन नंबरच्या मशीनवर बसली. चष्मा शोधला. चष्मा पॅकिंगवर राहिला होता, तो आणायला माणूस गेला. आम्ही तिघे ताटकळत. मग तिने आपला पासवर्ड टाकला, एका बोटाने, चौदाच्या चौदा अक्षरं, एकदाही न चुकता. मी दुसरीकडे बघत होतो, पण कळांचे आवाज मोजले.

स्क्रीनवर माझं नाव आलं, आणि खाली प्रश्न, तोही मीच लिहिलेला. 'ही व्यक्ती समोर आहे आणि तुमच्या ओळखीची आहे का?' हो. नाही.

तिने प्रश्न मोठ्याने वाचला. मग चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे बघत राहिली. चांगला मिनिटभर. मिहिर चुळबुळला. शेठ म्हणाले, "मावशी, दाबा ना. आपले केसरीदादा हायत."

"थांब रं," ती म्हणाली. "नीट बघू दे. इचारलंय ना मशीनान."

आणि मग 'हो' दाबलं.

तुझा,
केसरीमामा